बुरशी आणि ‘बुरसटलेले’

मराठी समीक्षेच्या व्यवहारात काही विशेषणे अशी आहेत की ती वापरताना लेखकाला थांबावे लागत नाही आणि वाचताना वाचकालाही. ‘बुरसटलेले’ हे त्यांपैकी एक. बुरसटलेले विचार, बुरसटलेली अभिरुची, बुरसटलेल्या चालीरीती. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांपासून परिसंवादांतील बीजभाषणांपर्यंत हा शब्द सर्वत्र भेटतो. त्याच्या पोटात तीन गृहीतके आहेत. बुरशी जुन्या वस्तूवर येते, हे पहिले. ती न हलवलेल्या, दुर्लक्षित वस्तूवर येते, हे दुसरे. आणि ती त्या वस्तूच्या आतून, तिच्या स्वतःच्या नासण्यातून उगवते, हे तिसरे. या तिन्ही गृहीतकांमुळे बुरशी हा एक नैतिक निकाल होऊन बसतो: ज्यावर ती आली, त्याची ती लायकीच होती.

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील आमच्या गावी गेली काही वर्षे रेशीमकीटकांचे संगोपन चालते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. शेती आणि रेशमाची शेड थोरले बंधू आणि वहिनी पाहतात. सुट्टीत मीही त्यांच्या हाताखाली असतो. पाला कापणे, रॅकवर पसरणे, चुना चाळणे ही माझी कामे. त्या शेडमध्ये बुरशीशी जो परिचय झाला, त्याच्या उजेडात हा शब्द पुन्हा वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मध्यंतरी एका पावसाळ्यात पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला एक छायाचित्र पाठवले. त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्राने काचेच्या पेटीत टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळला होता. पेटीच्या तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा, एका कोपऱ्यात पाण्याची लहान वाटी, सालीच्या तुकड्याचा आडोसा. आणि भुशावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर. ‘सर, तुमच्याकडे अळ्या असतात म्हणून विचारतो. कोळी मरेल का हो?’ असा त्याचा प्रश्न होता.

बहुतेक वेळा मरत नाही. काथ्यावर अशी जी बुरशी येते, ती मेलेल्यावर जगणारी असते. कोळ्याने अर्धवट खाऊन टाकलेला रातकिडा, त्याची विष्ठा, भिजून राहिलेला भुसा हे तिचे अन्न. उष्टे उचलावे, बुरसलेला थर काढून टाकावा, पेटीला हवेची भोके वाढवावीत, सगळा भुसा भिजवण्याऐवजी एकच कोपरा ओला ठेवावा. काही जण पेटीत बुरशी खाणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे बिनपंखी किडे सोडतात आणि तेही काम भागवतात. बुरशीनाशक मात्र फवारू नये. बुरशीआधी कोळीच जायचा. एवढे मी कळवले. त्यावर त्याने जे विचारले, तो खरा प्रश्न होता: ‘पण सगळंच कोरडं केलं तर कोळ्याचं काय? त्यालाही ओल लागतेच ना?’

पाळलेल्या जिवाच्या बाबतीत सगळा पेच इथे आहे. जी ओल त्याला जगवते, तिच्यावरच बुरशीचाही हक्क असतो. दुर्लक्षातून बुरशी येते हे खरे, पण ती काळजीतूनही येते. किंबहुना काळजीतून अधिक वेळा येते. पेटी ओली करणारा हात प्रेमाचाच असतो.

आमच्या शेडमध्ये हा पेच ऋतूगणिक पालटतो. तुतीच्या पाल्यावर जगणारी रेशमाची अळी सुमारे पंचवीस ते अठ्ठावीस दिवसांत चार वेळा कात टाकते, पाच अवस्थांतून जाते आणि मग कोष विणायला लागते. एवढ्या काळात तिचे वजन दहा हजार पटींच्या घरात वाढते. तिला २४ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. बाल्यावस्थेत हवेत ८५ ते ९० टक्के आर्द्रता हवी, प्रौढावस्थेत ती ७० टक्क्यांवर आणावी लागते आणि कोष विणताना त्याहूनही कमी. परभणीच्या हवेला यांतले काहीच ठाऊक नाही. चैत्र-वैशाखात पारा ४२ अंशांपलीकडे जातो, वारा तव्यावरून आल्यासारखा येतो. तेव्हा शेडच्या भिंतींना ओली पोती टांगायची, जमिनीवर पाणी मारायचे, पाला ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा. अळी ओलीवाचून सुकते. आणि श्रावण-भाद्रपदात, आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही तेव्हा, त्याच शेडमधून ओल हाकलायची. खिडक्यांचे पडदे वर, पाला पुसून, पातळ थर देऊन, आणि वरून चुन्याची भुकटी. एकच माणूस, एकाच जिवासाठी, चार महिन्यांच्या अंतराने परस्परविरुद्ध काम मन लावून करतो.

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी मराठवाडा झोडपला. त्या वेळी आमच्याकडे दीडशे अंडीपुंजांची बॅच पाचव्या अवस्थेत होती. एका अंडीपुंजात चारशे ते पाचशे अंडी असतात; म्हणजे साठ-सत्तर हजार अळ्या. पाचव्या अवस्थेतच अळी आपल्या आयुष्यातला चार-पंचमांशाहून अधिक पाला खाते. त्या दिवसांत शेडमध्ये उभे राहिले, की पत्र्यावर रिमझिम पडावी तसा खाण्याचा आवाज येतो. बाहेर खरा पाऊस आणि आत हा. शेतातून आणलेला प्रत्येक भारा निथळत होता आणि तो वाळवायला ऊन नव्हते. पाला न द्यावा तर अळी उपाशी, द्यावा तर बेड ओला.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला एका रॅककडे बोलावले. ‘भाऊजी, या बघा. खात नाहीत.’ अंगावर तेलकट झाक, हालचाल मंद. संध्याकाळी त्यांतल्या काही मेलेल्या होत्या. हाताला मऊ लागत होत्या. दुसऱ्या दिवशी ताठ झाल्या. त्यानंतर त्यांच्या अंगावर पांढरी पूड धरली. वहिनींना ‘मस्कार्डिन’ हा शब्द प्रशिक्षणातून माहीत होता, पण त्या म्हणाल्या, ‘अळीचा खडू झाला.’ हातात घेतली तर खरोखर खडूच. दोन बोटांत मोडली असती.

या बुरशीचे शास्त्रीय नाव बिव्हेरिया बॅसियाना. काथ्यावरच्या बुरशीहून तिची जात वेगळी. ती मेलेल्याची वाट पाहत नाही. तिचा बीजाणू अळीच्या कातडीवर पडतो, पुरेशी ओल मिळाली की रुजतो, आणि तोंडावाटे न जाता थेट कातडी भेदून आत शिरतो. आत रक्तात वाढतो, अळीला संपवतो आणि मग पुन्हा कातडीबाहेर येऊन पांढरा होतो. तो पांढरेपणा म्हणजे लाखो नवे बीजाणू. म्हणून मेलेली अळी पांढरी होण्याआधी उचलणे, हा या रोगातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. एकदा ती पांढरी झाली, की पंख्याची झुळूक, झाडू, पाल्याचा भारा, आपलेच हात असे सगळे तिचे वाहक होतात.

चार रात्री वहिनी बॅटरी आणि चिमटा घेऊन रॅकमधून फिरल्या. ज्या अळ्या पाल्यावर चढत नव्हत्या त्या उचलून चुन्याच्या डब्यात टाकायच्या. सकाळी डबा खड्ड्यात रिकामा करून पेटवायचा. यांतल्या कित्येक अळ्या जिवंत असत. केवळ आळसावलेली कोणती आणि आजारी कोणती, हे ठरवायला क्षणभरच मिळे. जाळीदार तळ्यावरच्या चुन्यात शेवटची वळवळ दिसे. ‘एकीसाठी थांबलं तर रॅक जातो,’ असे त्या म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता. एरवी शंभर अंडीपुंजांमागे साठ-सत्तर किलो कोष हाती येतात. त्या बॅचला दीडशेमागे चाळीसही आले नाहीत. पूर्वी आमच्या भागातले शेतकरी कोष घेऊन रात्रभराचा प्रवास करून कर्नाटकात रामनगरला जात, ज्याच्या खडकांत १९७५ चा ‘शोले’ घडला त्या रामनगरला. २०१८ पासून जालन्याला बाजारपेठ झाली आणि ती दगदग वाचली. त्या वर्षी मात्र जालन्याला जाण्याइतकाही उत्साह दादांना नव्हता.

आता ‘बुरसटलेले’ या शब्दाकडे परत यावे. त्याचे तिसरे गृहीतक, बुरशी आतून उगवते हे, फार जुने आहे आणि केवळ मराठीचे नाही. युरोपातही अळीवरची ही पांढरी पूड खराब हवेतून, वाईट पाल्यातून किंवा अळीच्या देहातील बिघाडातून आपोआप निर्माण होते, असेच मानत. इटलीत लोदी शहराजवळ जन्मलेल्या आगोस्तिनो बासी (१७७३–१८५६) याने १८०७ पासून जवळजवळ पंचवीस वर्षे या एका रोगाचा पाठपुरावा केला. तो शिक्षणाने कायद्याचा. दृष्टी अधू होत चाललेली. प्रथम त्याचीही समजूत अशीच होती की रोग परिस्थितीतून उपजतो. म्हणून त्याने अळ्यांना उष्ण, दमट, कोंदट अशा नाना हालअपेष्टांत ठेवून पाहिले. अळ्या मेल्या, पण पांढऱ्या झाल्या नाहीत. पांढऱ्या झाल्या त्या फक्त रोगट अळीचा संसर्ग पोचला तेव्हा. १८३४ मध्ये पाविया विद्यापीठातील प्राध्यापकांसमोर त्याने प्रयोग करून दाखवले आणि १८३५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्म सजीवामुळे प्राण्याला रोग होतो, हे प्रयोगाने सिद्ध करणारे हे आरंभीचे काम. लुई पाश्चर रेशीमकीटकांच्या दुसऱ्या एका रोगामागे दक्षिण फ्रान्समध्ये गेला तो यानंतर तीस वर्षांनी, १८६५ मध्ये. रॉबर्ट कॉखचे काळपुळीवरचे संशोधन १८७६ चे. माणसाच्या रोगांविषयीचे आपले आजचे ज्ञान अशा रीतीने एका अळीच्या शेडमधून निघाले आहे. बुरशीच्या नावातील ‘बॅसियाना’ म्हणजे बासीची.

त्या रोगाचे इटालियन लोकनाम ‘कॅल्चिनाच्चो’ असे होते. त्याचा अर्थ भिंतीवरून सुटलेला चुन्याचा पोपडा. वहिनींना ‘खडू’ सुचला आणि लोंबार्डीतल्या शेतकऱ्याला ‘चुना’. दोघांनीही पाहिले ते वर्णन केले. दोघांपैकी कोणीही अळीला दोष दिला नाही. बुरशीचे नैतिक विशेषण करण्याचे काम शेडबाहेरच्या लोकांनी केलेले दिसते.

बासीने सांगितलेले उपायही पाहण्यासारखे आहेत. रोगट अळ्या वेगळ्या काढा, नष्ट करा. खोली, रॅक, हत्यारे निर्जंतुक करा. हात स्वच्छ ठेवा. आमच्या शेडच्या दाराशी आज ब्लिचिंग पावडर आणि चुन्याच्या निवळीत भिजवलेले पोते असते, त्यावर पाय ठेवल्याशिवाय आत जायचे नाही. अळी कात टाकून उठली, की पाला देण्यापूर्वी म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने तयार केलेली ‘विजेता’ पावडर धुरळायची. साधने बदलली, पण आशय तोच: बुरशी बाहेरून येते आणि पुष्कळदा आपल्याच पायांनी येते. ज्या हातांनी पाला भरवायचा, त्याच हातांवर संशय ठेवून ते धुवायचे. काळजी घेणाऱ्याला एवढे नम्र करणारा दुसरा विचार मला माहीत नाही.

पण बुरशी म्हणजे निखळ शत्रू, असे म्हणायलाही हा जिल्हा आपल्याला मोकळीक देत नाही. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२, वसंतराव नाईकांचे नाव २०१३ पासून) रेशीम संशोधनही करते आणि सोयाबीन-कापसाचा सल्लाही देते. त्या सल्ल्यात पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी बुरशीवर्गीय कीटकनाशकांची शिफारस असते. बिव्हेरिया, मेटाऱ्हायझियम, नोमुरिया ही नावे सोयाबीन पिकवणाऱ्याला आता अपरिचित नाहीत. दमट हवेत सोयाबीनच्या पानावर अळी चिकटून ताठ झालेली, आधी पांढरी आणि मग हिरवट झालेली दिसली, की शेतकरी खूश होतो: निसर्गाने फवारणीचे पैसे वाचवले. तीच हिरवी बुरशी आमच्या शेडमध्ये आली, की तिचे नाव ‘हिरवी मस्कार्डिन’.

पुढच्या वर्षी श्रावणात हा प्रश्न बांधावर येऊन उभा राहिला. तुतीला लागून चुलतभावाचे सोयाबीन आहे. त्याने बिव्हेरियाची पावडर आणली होती. ढगाळ हवा होती, म्हणजे तिला अनुकूल. आणि आमच्या शेडमध्ये तिसऱ्या अवस्थेतली बॅच. दादा त्याच्याकडे गेले. मी बरोबर होतो. रासायनिक औषध फवार, असे दादा म्हणू शकत नव्हते. त्याचा एक फवारा तुतीवर उडाला तर बॅच एका दिवसात जाते. बुरशी फवार, असेही म्हणू शकत नव्हते. चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, ‘दादा, माझी अळी मरावी म्हणून मी फवारतो, अन् तुमची जगावी म्हणून तुम्ही चुना टाकता. अळी ती अळीच की.’ यात टोमणा नव्हता. त्याच्यावर सोसायटीचे कर्ज होते आणि पानांची चाळण झालेली होती. आदल्या वर्षीचा रोग कुठून आला याचा कोणी शोध घेतला नव्हता, आणि दादांनी तो विषयही काढला नाही.

शेवटी ठरले ते असे: बांधाकडच्या सहा ओळी त्याने फवारायच्या नाहीत, उरलेले रान वारा पडल्यावर, संध्याकाळी फवारायचे. आम्ही बांधालगतची तुती त्या बॅचला कापायची नाही. त्या सहा ओळींत त्याचे नुकसान झाले. आम्हाला पाला कमी पडला आणि तो दुसऱ्या गावाहून विकत आणावा लागला. ती बॅच वाचली. ती या तडजोडीमुळे वाचली की त्या आठवड्यात उघडीप मिळाली म्हणून, हे ठरवता येत नाही. दोन्ही घरे एकमेकांशी बोलत राहिली, हे मात्र नक्की तडजोडीमुळे.

रेशमाच्या अळीला आपल्या वाङ्मयपरंपरेत एक मानाची जागा आहे. वेदान्तात कोशकीटकाचा दृष्टान्त येतो: स्वतःच्या लाळेच्या धाग्याने स्वतःला बांधून घेणारा किडा, तसा वासनांनी बद्ध झालेला जीव. दृष्टान्त म्हणून तो देखणा आहे. पण त्यात किडा एकटा आहे. त्याला पाला घालणारे कोणी नाही, त्याची विष्ठा काढणारे कोणी नाही, त्याच्यासाठी रात्री बॅटरी घेऊन फिरणारे कोणी नाही. प्रत्यक्षात ही अळी हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली राहून इतकी परावलंबी झाली आहे, की तिच्या पतंगाला धड उडताही येत नाही. ती स्वतःला बांधून घेते असे म्हणणे, हा तिच्यावर अन्यायच आहे. कोषातून पतंग बाहेर पडला तर हजार-एक मीटरचा सलग धागा तुटतो, म्हणून आत प्राण असतानाच कोष उष्णतेने मारतात. बुरशीपासून आपण तिला वाचवतो ते याच शेवटासाठी. पैठणीचे वर्णन करणाऱ्या आपल्या साहित्यात ही गोष्ट फारशी येत नाही. वहिनींना मी एकदा याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, ‘मरायचं तर आहेच. पण आजारानं नको.’ यावर मी वाद घालू शकेन असे मला वाटत नाही.

सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ च्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात क्षय आणि कर्करोग यांच्या रूपकांविषयी जे मांडले, त्याचा गाभा असा की रोगाचे रूपक झाले की रोग्यावर दोषाचे ओझे येऊन पडते. आपल्या ‘बुरसटलेले’ या शब्दाबाबतही हे तपासून पाहण्यासारखे आहे. एखादी परंपरा, एखादा वाङ्मयप्रकार, एखादी पिढी बुरसटली असे आपण लिहितो, तेव्हा तिच्यातच काही नासले आहे, असे सुचवून आपण मोकळे होतो. शेडमधल्या माणसाला एवढ्यावर मोकळे होता येत नाही. ही बुरशी मेलेल्यावर जगणारी आहे की जिवंत कातडी भेदणारी? पहिली असेल तर ती उष्टे संपवते आहे. वरचा थर काढला, हवा खेळू दिली की पुरे. दुसरी असेल तर ओल कुठून आली, आणि बीजाणू कुणाच्या हातांनी आले, हे पाहावे लागते. त्या हातांत शिकवणाऱ्यांचे आणि जपणाऱ्यांचेही हात असू शकतात. शिवाय, शेजारच्या रानात हीच बुरशी कुणाचे पीक वाचवते आहे, हेही विचारावे लागते.

हा शब्द वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. काही गोष्टी खरोखर बुरसतात. माझ्या बी.ए.च्या वर्गात आता हा शब्द कोणाच्या लेखनात आला, की मी समासात एक लहानसा प्रश्न लिहितो: ‘ओल कशाची?’ बहुतेक विद्यार्थी त्याकडे दुर्लक्ष करतात. यंदा एका मुलीने त्या प्रश्नाला दीड पान उत्तर लिहून आणले. तिच्या घरीही रेशमाची शेड आहे.